ज्युलियनची पट्टी असलेला स्लायसर: गाजर-मुळ्यासाठी घ्या, कांद्याच्या आशेने घेऊ नका

नाशिकच्या भांडी बाजारात हल्ली किसण्या, झारे आणि पुरणयंत्रांच्या जोडीला हा स्लायसर टांगलेला दिसतोच. प्लॅस्टिकची चौकट, मधोमध स्टीलचं तिरकं पातं, खाली घडी होणारा पाय, बाजूला जाडी कमीजास्त करायची खुंटी, भाजी धरायला एक होल्डर आणि सुट्या दातेरी पट्ट्या दोन. दुकानदार त्याला ‘वेफर्सची किसणी’ म्हणून दाखवतात, खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत ‘ज्युलियन’, म्हणजे भाजीच्या बारीक लांब काड्या, असं छापलेलं असतं. साधा स्लायसर तीन-चारशेच्या आसपास मिळतो, सगळी स्टीलची चौकट हवी असेल तर हजाराच्या वर जातो.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. गाजर, मुळा, बीट, नवलकोल, कच्ची पपई, कैरी, बटाटा या टणक आणि भरीव भाज्यांना हा झकास आहे. कांदा, कोबी, ढोबळी मिरची आणि आलं यांना दातेरी पट्टी निरुपयोगी. आणि खोक्यावरच्या त्या एका शब्दात ही सगळी कामं येतात असं समजून बरेच जण तो घरी आणतात, तिथेच फसतात.

यंत्र चालतं कसं ते पाहू. पट्टीवरचे उभे दाते भाजीत समांतर चिरा पाडतात आणि आडवं पातं तेवढा थर कापून खाली टाकतं. म्हणजे काडीची रुंदी ठरते दोन दात्यांमधल्या अंतरावरून, आणि ती बदलता येत नाही. जाडी ठरते खुंटीवर, ती आपल्या हातात. चौकोनी काडी हवी असेल तर ही दोन मापं जुळवावी लागतात, आणि नेमकी हीच गोष्ट खोक्यातल्या चिठ्ठीवर नसते. तीन मिलिमीटरची पट्टी लावून खुंटी दीडवर ठेवली तर काडीऐवजी चपटी फीत पडते. उलट खुंटी पाचवर नेली तर दाते थराच्या तळापर्यंत पोचत नाहीत; वरून चिरा पडलेली, खालून जोडलेली अख्खी चकती हातात येते. तेव्हा पट्टी बोथट आहे म्हणून दुकानात परत नेण्याआधी खुंटी पाहावी.

खुंटीवरच्या आकड्यांवर फार भरवसा नको, स्वस्त नगांत ते अंदाजेच असतात. गाजराच्या दहा काड्या एकमेकींना चिकटवून मोजपट्टीवर मोजाव्यात. एकूण तीन सेंटिमीटर भरले तर एक काडी तीन मिलिमीटरची. मग त्याच काड्या कुशीवर वळवून पुन्हा मोजाव्यात. दोन्ही मापं जवळपास सारखी आली की खुंटीच्या त्या जागेवर पक्क्या शाईची खूण करून ठेवायची, पुढच्या वेळी शोधाशोध नको.

आता मापांचं. हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षणात ज्युलियन म्हणजे साधारण तीन बाय तीन मिलिमीटरची, पाच-सहा सेंटिमीटर लांब काडी. त्याच्या निम्म्या जाडीची ती बारीक ज्युलियन. सहा मिलिमीटर जाडीच्या काडीला ‘बातोने’ म्हणतात, म्हणजे छोटी काठी. तीन मिलिमीटरच्या काड्यांची जुडी धरून आडव्या तीन-तीन मिलिमीटरवर कापली की जे बारीक चौकोनी तुकडे पडतात ते ‘ब्रुनवाझ’. फ्रान्समधल्या स्वयंपाकघरांत ज्युलियन आणखी बारीक, एक-दोन मिलिमीटरची धरतात. खोक्यातल्या दोन पट्ट्यांपैकी रुंद पट्टी बहुधा सहा मिलिमीटरच्या आसपासची निघते. तिच्यातून निघतं ते फ्रेंच फ्राइजच्या जातीचं काही, ज्युलियन नव्हे. थोडक्यात, ‘दोन ज्युलियन पट्ट्या’ या जाहिरातीतली एकच खरी.

हा शब्द मुळात कापायच्या पद्धतीचा नव्हताच, सुपाचा होता. फ्रान्स्वा मासियालो या फ्रेंच स्वयंपाक्याच्या पुस्तकाच्या १७२२ च्या आवृत्तीत तो छापलेला सापडतो. गाजर, बीट, लीक, सेलरी अशा भाज्यांच्या काड्या परतून, त्या मटणाच्या नाहीतर कोंबडीच्या पाण्यात शिजवून, पावाच्या तुकड्यावर ओतायचं ते ‘पोताज ज्युलिएन’. जुन्या कृतींतली काडी अर्धी ‘लीन्य’ जाड आणि आठ-दहा लीन्य लांब आहे. लीन्य म्हणजे जुन्या फ्रेंच मापातले सव्वादोन मिलिमीटर, म्हणजे काडी जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि दोन सेंटिमीटर लांब झाली: चमच्यात सहज मावणारी. नाव ज्युल किंवा ज्युलिएन या माणसाच्या नावावरून आलं असावं असं कोशकार म्हणतात, पण तो माणूस कोण याचा पत्ता कुणालाच लागलेला नाही. पुढे सूप मागे पडलं आणि नाव काड्यांना चिकटलं. फ्रेंचमध्ये आजही या शब्दाचे आणखी अर्थ आहेत. तिथल्या मासळीवाल्याकडे ‘ज्युलिएन’ मागितलं तर ‘लिंग’ (इंग्रजीत ling) नावाच्या लांबट समुद्री माशाचा काप पुड्यात बांधून मिळेल.

हा शब्द जिथे जिथे गेला तिथे त्याचा अर्थ थोडा थोडा सरकला आहे. परदेशी पाककृतींचे व्हिडिओ पाहून स्लायसर घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पैसे वाचतील. स्पॅनिशमध्ये ‘हुलियाना’ असं म्हणतात आणि तो बहुतेक वेळा कांद्याला लावतात: कांदा अर्धा करून देठाकडून मुळाकडे उभे पातळ काप. म्हणजे आपला बिर्याणीचा उभा चिरलेला कांदा. त्याला दातेरी पट्टी लागत नाही. रशियात ‘झुल्येन’ मागवला तर काड्या येतच नाहीत. मशरूम किंवा चिकन, त्यावर साय-क्रीमचा सॉस आणि चीज घालून छोट्या भांड्यात भट्टीत भाजलेला गरम पदार्थ येतो. जपानीत फ्रेंच शब्द बाजूला ठेवून ‘सेनगिरी’ म्हणतात, अर्थ हजार काप. तळलेल्या कटलेटबरोबर केसांसारखा बारीक कोबी येतो तो सेनगिरी, आणि त्याला लागतं साधं सपाट पातं. चिनी स्वयंपाकात अशा कापाला ‘स’ म्हणजे रेशीम किंवा धागा म्हणतात. बटाट्याचे ‘धागे’ दोन मिनिटं मोठ्या आचेवर परतून व्हिनेगर टाकलेली भाजी त्यांच्याकडे रोजची. या एका कामाला मात्र आपला स्लायसर चोख बसतो.

आपल्याकडे या सगळ्याला मिळून एक शब्द कधीच नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही. कीस वेगळा, काचऱ्या वेगळ्या, चकत्या वेगळ्या, फोडी वेगळ्या, उभा कांदा वेगळा, आणि कोचवलेली काकडी तर अगदीच वेगळी. खमंग काकडीला काकडी डाव्या हातात उभी धरून सुरीने वरून खाली टचटच चिरा मारतात आणि मग विळीवर आडवी चिरतात; तुकडे लहानमोठे पडतात, काकडी पाणी कमी सोडते आणि दाण्याचं कूट त्या खडबडीत तुकड्यांना धरून राहतं. स्लायसरवर तीच काकडी घातली तर मधला बियांचा भाग दात्यांत चेचला जातो आणि पाच मिनिटांत वाटीत पाणी होतं. काकडीच करायची असेल तर चारही बाजूंचा टणक भाग तेवढा स्लायसरवर घ्यावा, बिया लागल्या की थांबावं.

गाजरावर मात्र हात सैल सोडायला हरकत नाही. थंडीतलं लाल गाजर गोड असलं तरी रसाळ असतं आणि मधला दांडा टणक, त्यामुळे काड्या कधी कधी दांड्याशी तुटतात. एकसारख्या काड्यांना नारिंगी गाजर बरं. बुधवारच्या बाजारातून आणलेलं गाजर दोन दिवस बाहेर राहून लवचीक झालं असेल तर आधी बर्फाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. मऊ गाजर पात्यावर वाकतं, दाते त्यात शिरण्याऐवजी त्याला ढकलतात. सोलून सहा सेंटिमीटरचे तुकडे करा. दात्यांची पट्टी लावण्याआधी नुसत्या पात्यावरून एक बाजू सपाट करून घ्या, म्हणजे तुकडा डुगडुगत नाही आणि पहिल्या चार-पाच काड्या सालीसारख्या निमुळत्या येत नाहीत. तुकडा ढकलायच्या दिशेला लांब ठेवायचा, कारण दाते त्याच दिशेने चिरतात. आडवा ठेवला तर काडीची लांबी गाजराच्या जाडीएवढीच, दोन-अडीच सेंटिमीटर. दाब मध्यम आणि सलग हवा. मध्येच थांबलं की दाते अडकतात, आणि अडकलेला तुकडा सोडवायला जोर लावला की हात घसरतो. अर्धा किलो गाजर या पद्धतीने सहा-सात मिनिटांत होतं. सुरीने तेवढंच करायला सराव असलेल्यालाही दुप्पटीहून जास्त वेळ लागतो. शेवटचा दोन सेंटिमीटरचा बुंधा होल्डरमध्ये उरतोच. तो हाताने संपवायच्या भानगडीत पडू नका, सांबारात टाका.

काड्यांना मीठ शेवटी. काडीची जाडी निम्मी केली की तेवढ्याच वजनाच्या भाजीचा पृष्ठभाग दुप्पट होतो, म्हणून मीठ लागायला आणि पाणी सुटायला वेळ लागत नाही. कोशिंबिरीला वाढायच्या आधी दोन मिनिटं मीठ-लिंबू लावावं. लोणच्याला उलट: आधी मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी पिळून काढायचं, मग मसाला. चायनीज भेळ किंवा हक्का नूडल्सला तीन मिलिमीटरचं गाजर कडकडीत तापलेल्या कढईत दोन मिनिटं पुरे. बरेचदा सगळ्या भाज्या एकदम पडतात आणि कढई थंड होते. मग परतलेली भाजी मिळत नाही, उकडलेली मिळते.

बटाट्याची सळी हा या पट्टीचा सगळ्यात चांगला उपयोग. पारशी घरांतल्या ‘सळी बोटी’ या मटणाच्या पदार्थावरचा थर असो की उपवासाचा चिवडा, काडी दोन मिलिमीटरची हवी आणि तिथे सारखेपणाला खरंच किंमत आहे: एक काडी जाड, एक बारीक असली की बारीक करपते तोवर जाड मऊच राहते. काड्या पडतील तशा थंड पाण्यात टाकायच्या, पाणी पांढरं झालं की बदलायचं, दोन-तीन वेळा. पांढरं पाणी म्हणजे स्टार्च. तो राहिला तर काड्या तळताना एकमेकींना चिकटून घरटं होतं. मग सुती कापडावर पसरून पूर्ण कोरड्या करायच्या, यात कंजुषी चालत नाही. तेल मध्यम-मोठ्या आचेवर, एका वेळी मूठभरच काड्या, सतत हलवत, आणि सळसळ थांबता थांबता बाहेर. चव न येता नुसत्या तपकिरी होत असतील तर दोष स्लायसरचा नाही, बटाट्याचा: शीतगृहातून थेट आलेल्या बटाट्यातला स्टार्च थंडीने साखरेत उतरलेला असतो आणि साखर लवकर करपते. असा बटाटा आठवडाभर बाहेर, उजेडापासून लांब ठेवला की बराच सुधारतो. वाळवणाच्या किसाला मात्र ही पट्टी नको. अर्धवट उकडलेला बटाटा दात्यांत लगदा होतो, त्याला जुनी मोठ्या भोकांची किसणीच हवी.

आता कांदा. नाशिकमध्ये स्लायसर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न कांद्याचाच असतो, आणि उत्तर नाही असंच आहे. कांदा पाकळ्यांचा, दात्यांनी त्या सुट्या होतात, एक पाकळी पुढे जाते, एक मागे वळते आणि तिसरी दात्यांत अडकते. पट्टी काढून नुसत्या सपाट पात्यावर घेतला तर चकत्या उत्तम पडतात, पण आडव्या. कांद्याचे धागे देठाकडून मुळाकडे जातात. आडवा कापला की सगळे धागे तुटतात आणि कढईत त्याचा लगदा होतो, उभा चिरला की काप आकार धरून राहतो. बिर्याणीला, खेकडा भजीला उभाच लागतो. तो सुरीने किंवा विळीवर: कांदा देठ-मुळातून अर्धा, मुळाचा भाग तिरका काढून टाकायचा, मग सुरी कडेला तिरकी आणि मध्यावर उभी, अशी फिरवत दोन-तीन मिलिमीटरचे काप. नवा लाल कांदा पाण्याने भरलेला असतो, त्याला धार कडक हवी. कांदा साठवायच्या चाळीत चार महिने राहिलेला उन्हाळ कांदा घट्ट असतो, तो साध्या सुरीनेही नीट निघतो.

ढोबळी मिरचीची साल गुळगुळीत असल्याने दाते घसरतात. मिरचीची पोटातली बाजू वर ठेवून सुरीने चिरा. साल वर ठेवली की सुरीसुद्धा घसरते. कोबी पट्टीशिवाय, चतकोर करून, एक मिलिमीटरवर. आल्याचे धागे दात्यांभोवती केसांसारखे गुंडाळले जातात आणि ते काढायला काडीच लागते, म्हणून दाल किंवा कढाई पनीरवरचे आल्याचे लच्छे सुरीनेच.

एक स्वस्त पर्याय सांगून ठेवतो: इंग्रजी वाय आकाराचा दातेरी पीलर. शंभर-दीडशेला मिळतो. दोन जणांच्या सॅलडला तो पुरतो, बोटं वाचतात, खणात मावतो. पण त्याच्या काड्या एक-दीड मिलिमीटर जाड आणि चपट्या. कढईत टाकल्या की मरगळतात. रोजच्या कोशिंबिरीला पीलर, आठवड्यातून एकदा पाच-सहा माणसांचा बेत किंवा छोटा चायनीजचा गाडा असेल तर स्लायसर, अशी साधी विभागणी करता येईल.

दुकानात घेताना खोकं उघडून पाहायला लाजू नका. पातं उजेडासमोर धरून पात्याच्या आणि भाजी जिच्यावरून सरकते त्या पाटीच्या मधली फट दोन्ही टोकांना सारखी आहे का पाहा; एका टोकाला रुंद असेल तर काडी कायम पाचरीसारखी पडणार आणि ते दुरुस्त होत नाही. दातेरी पट्टी खाचेत बसवून अंगठ्याने हलवा, डुगडुगली तर सोडून द्या. दाते सरळ रेषेत आहेत ना, हे डोळ्याच्या पातळीवर धरून पाहता येतं. खुंटी शून्यावर आणल्यावर पातं झाकलं जातं का तेही विचारा, नसेल तर खणात ठेवताना जपावं लागेल. सुटी पट्टी वेगळी मिळते का हा शेवटचा प्रश्न, कारण दात्यांना घरी धार लावता येत नाही आणि विळ्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकावरही ते बसत नाहीत. दाते बोथट झाल्याची खूण म्हणजे काडीच्या कडा तुटक आणि ओलसर दिसायला लागतात.

होल्डर वापरायचा, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि सगळे मोडतात, कारण स्वस्त होल्डरच्या खिळ्या आखूड असतात आणि गाजर फिरतं. त्याऐवजी कापण्यापासून वाचवणारा विणलेला हातमोजा घ्यावा. दीड-दोनशे रुपयांत मिळतो. तो पात्यासमोर अभेद्य नाही, पण वरवरची इजा नक्की टळते. खालचा पाय ताटात उभा न करता ओल्या फडक्यावर टेकवा, म्हणजे स्लायसर पुढे सरकत नाही.

धुवायचा तो लगेच. गाजराचा रस वाळला की दात्यांच्या मुळाशी बसतो. जुन्या टूथब्रशने दात्यांच्या मागून धारेकडे घासावं, उलट दिशेने घासलं की ब्रशचे केस कापून भाजीत येतात. प्लॅस्टिकवर गाजराचा नारिंगी डाग राहिला तर साबणाने तो हलत नाही, कारण कॅरोटीन तेलात विरघळतं: बोटाने थोडं गोडंतेल चोळून पाच मिनिटांनी साबण लावला की निघतो. बिटाचा डाग मात्र पाण्यानेच जातो. धुऊन झाल्यावर पट्टी चौकटीतून काढून वेगळी वाळवा. खाचेत पाणी राहिलं की स्वस्त स्टीलवर महिनाभरात तांबूस ठिपके येतात, आणि ते नेमके दात्यांच्या मुळाशी, जिथे पुसता येत नाही.